वळणावरची नाव

२७ एप्रिल, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. सरकारी बसवर कंडक्टर होतो तेव्हा दिवसभर ओरडून घसा बसायचा, घरी आल्यावर बोलायचं काही उरायचंच नाही. निवृत्त झाल्यापासून उरतं फार आणि ऐकायला कोणी नाही. शिवाय आता कारणही मिळालंय. जेम्सटाउन या आमच्या जुन्या कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून पाहुण्यांना पायी फिरवायचं असं गल्ली समितीनं ठरवलंय, आणि वाटाड्या म्हणून माझं नाव एकमतानं पास झालं. एकमतानं म्हणजे अध्यक्ष क्पाक्पो माझा बालमित्र, आणि दुसरं कोणी तयार नव्हतं.

रस्ता मीच आखला. दीपगृहापासून सुरुवात, मग जुना किल्ला, गुलामीतून सुटून ब्राझीलहून परत आलेल्यांची घरं, बुकोमचं मैदान जिथे आमची पोरं ठोसे मारायला शिकतात, तिथून माझी बायको राहते त्या बायकांच्या घरावरून गल्लीगल्लीनं खाली उतरायचं आणि पुरुषांच्या घरी, माझ्या ओट्यावर शेवट. तिथे पाहुण्यांना थंड पाणी.

ओदार्ले जेवण घेऊन आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलत चालू नका. पायाखाली बघा." चाळीसेक वर्षांचा संसार आणि एवढीच शाबासकी.

४ मे, सोमवार

पहिली फेरी झाली आणि झकास झाली. किल्ल्यापाशी गुलामांची हकीकत सांगताना मी असा काही रंगलो की एक हॉलंडची बाई डोळे पुसायला लागली. क्पाक्पो म्हणाला ऊन लागलं असेल तिला. जळतो मेला.

आतल्या मुलखातल्या कुमासीहून आलेल्या एका गृहस्थानं विचारलं, तुमची बायको वेगळ्या घरात का राहते, भांडण झालंय का. त्याला म्हटलं, बाबा, आम्हा गा लोकांची ही जुनी रीत. बायको तिच्या आईच्या, मावश्यांच्या घरात, नवरा त्याच्या बापभावांच्या घरात. संध्याकाळी ती जेवणाचं भांडं डोक्यावर घेऊन येते. ते भांडं येतंय तोवर संसार चालू आहे असं समजायचं. एका घरात राहिलो असतो तर आमचं दोन वर्षंसुद्धा टिकलं नसतं. सगळे हसले.

हसू ओसरतंय तोच ओदार्ले आली. अजून ऊन डोक्यावर. अलीकडे ती अशीच टळटळीत उन्हात येते, कोंबड्यांना दाणे टाकून मोकळं व्हावं तशी. पूर्वी दिवेलागणीला यायची, मग माझ्याजवळ बसायची. पाहुणे फोटो काढायला सरसावले. मी हात पुढे केला होता, तर तिनं सरळ शेजारच्या क्पाक्पोच्या हातात भांडं ठेवलं आणि मला म्हणते तसंच म्हणाली, "घ्या, अताआ." पुन्हा एकदा सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून चिडलो. वाटाड्या झालो हे हिला खुपतंय. चारचौघांत टोमणा मारायची ही तऱ्हा बरी नाही.

११ मे, सोमवार

आजपासून मौनाचा महिना. पेरणी झाली, आता देवांना शांतता हवी. ढोल नाही, लग्नाची वरात नाही, प्रार्थनाघरांतले कर्णे बंद. मेलेल्यालासुद्धा गुपचूप पोचवायचं. गल्ली इतकी शांत झाली की समुद्र थेट खोलीत ऐकू येतो. ओदार्ले आज बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसली. म्हणाली, या महिन्यात चालायला बरं वाटतं. मी म्हटलं, चालायला काय कानांनी चालतात. ती हसली.

समितीनं भिंतींना चुना द्यायचं काढलंय. बायकांच्या घरापासून माझ्या ओट्यापर्यंत सगळी गल्ली पांढरीशुभ्र. सांभाळायची जबाबदारी माझ्यावर.

१५ मे, शुक्रवार

संताप आला आज. चुना वाळतोय न वाळतोय तोच कोणीतरी भिंतीवर हात फिरवत गेलंय. कमरेच्या उंचीला, एका सरळ रेषेत, डाग. कुठे तुटत नाही, कुठे चुकत नाही. पोरांचाच उपद्व्याप. दोघातिघांना पकडून दम भरला. मौनाचा महिना म्हणून खालच्या आवाजात भरावा लागला, त्यामुळे काही वजन पडलं नाही.

१९ मे, मंगळवार

मंगळवारी आमच्यात समुद्रात जात नाहीत, कोळी घरी, तरी ओदार्लेनं मासळी मिळवली होती. भांडं उतरवलं तेव्हा बघतो तर डाव्या हाताची बोटं पांढरी. म्हणजे ती रेषा हिची! एवढी बाई वयानं वाढली, मुलगी कुमासीत आणि मुलगा तेमात संसार करताहेत, आणि ही पोरीसारखी भिंतीवर बोटं ओढत चालते. मी ताडकन विचारलं. ती म्हणाली, रंग ओला असेल असं वाटलं नाही. मी म्हटलं, ओला आहे हे आंधळ्यालाही दिसेल. त्यावर ती पदर सावरून उठली. जाताना माझ्या नव्या स्टुलाला अडखळली. मी स्टूल रोजच्या जागेवरून जरा हलवलं होतं, सावलीत.

रागात चालते, दुसरं काय.

२३ मे, शनिवार

आज नावेवरून बाचाबाची. लिहून ठेवतो म्हणजे डोकं शांत होईल.

गल्ली जिथे डावीकडे वळते तिथे तिच्या भावाची, कोतेईची, जुनी नाव पडलेली आहे. तो गेल्याला बरीच वर्षं झाली. नाव कोणी समुद्रात ढकलली नाही, कोणी विकली नाही. लाल-निळा रंग उडालेला, पोटात कचरा, आणि टोक थेट गल्लीत आलेलं. पाहुण्यांना एकेकट्यानं अंग चोरून जावं लागतं. पलीकडे नगरपालिकेचं उघडं गटार. क्पाक्पोचं म्हणणं, नाव हलवली की वाट मोकळी. मलाही पटलं.

पण मला ठाऊक आहे, ओदार्ले येताजाता त्या टोकाला हात लावते. लावल्याशिवाय पुढे जात नाही. भावाची आठवण. मी समजूत घातली, इतक्या वर्षांनी आता पुरे, माणूस गेला तो गेला. ती म्हणाली, "ती नाव हलवू नका, अताआ. तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही." मी विचारलं, पण का? तिनं भांडं उचललं. हट्टाला कारण लागत नाही म्हणा. मग म्हणाली, असू द्या, तुमच्या पाहुण्यांना वाट हवी.

तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

३० मे, शनिवार

नाव काढली. कुजलेली होती, खेचताना दोन तुकडे झाले. लाकूड वाया जाऊ नये म्हणून ओदार्लेच्या थोरल्या बहिणीला, कोर्कोईला दिलं. तिच्या मासळी भाजायच्या भट्ट्या आहेत बायकांच्या घरामागे, जळण लागतंच. कोर्कोई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अयिते, तू विचारलंस का तिला?" म्हटलं, विचारलं, ती असू द्या म्हणाली. कोर्कोईनं लाकडं उचलून आत नेली. ही बाई माझ्याशी आयुष्यात कधी धड बोललेली नाही.

वळण आता कसं सुरेख दिसतं. दहा माणसं हात धरून जातील.

२ जून, मंगळवार

भाजलेली मासळी कडू आली. नुसती धुराची नव्हे, रंगाच्या डब्यासारखी कडू. शिवाय काटे तसेच. आमच्या ओदार्लेच्या हातच्या माशात काटा सापडला असं मी शपथेवर सांगतो कधी झालं नव्हतं. आणि मीठ? दोनदा घातलेलं. मला कळलं हे कशाबद्दल आहे. नावेबद्दल.

मी अर्धं भांडं परत केलं. आमच्यात याचा अर्थ बायकोवर नाराज आहे असा होतो, ते मला माहीत होतं आणि तरी केलं. तिनं भांडं हातात घेऊन वजन अजमावलं, पुसलं आणि निघून गेली.

५ जून, शुक्रवार

आली, पण अंधार पडता पडता. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, एका कोपरावर खरचटलेलं. विचारलं तर म्हणाली, पाणी सांडलं. मी पुढे विचारलं नाही. तिनं मला माझ्या पाहुण्यांचं काही विचारावं अशी माझी इच्छा होती. तिनं विचारलं नाही.  माझ्या तोंडावर हात फिरवून गेली, लहान मुलाच्या फिरवतात तसा. मला समजेना, ही माफी मागतेय की निरोप घेतेय.

क्पाक्पो म्हणतो, बायकांच्या घरी जाऊन कोर्कोईला विचार ना काय बिनसलंय. शक्य नाही. पुरुषानं बायकांच्या अंगणात जाऊन जेवणाबद्दल बोलायचं म्हणजे उद्या सगळी गल्ली हसेल. भांडं येतंय. येतंय तोवर ठीक.

११ जून, गुरुवार

मौन सुटलं. दुपारपासून ढोल, सगळं गाव रस्त्यावर. माझी फेरी आजवरची सगळ्यात मोठी. घसा फुटेस्तोवर बोललो, बसची आठवण झाली.

भांडं आलं नाही.

निरोप नाही, कोणी भाचीसुद्धा पाठवली नाही. दिवे लागले, मी ओट्यावर बसून वाट पाहिली. मग मैदानावर जाऊन मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केंके आणि तळलेली मासळी विकत घेतली आणि सगळ्यांना दिसेल असा उभा राहून खाल्ली. म्हणजे निरोप पोचेल. चाळीस वर्षं, आणि एका कुजक्या नावेसाठी. ठीक आहे. माझंही काही अडत नाही.

१४ जून, रविवार

लिहिता येत नव्हतं.

ती गटारात पडली होती. वळणावर. नावेची जागा ओलांडून सरळ पुढे गेली. ढोलांत तिची हाक कोणाला ऐकू आली नाही. मिरवणूक पांगल्यावर यामचे कंद तळणाऱ्या बाईला भांडं दिसलं, गटाराच्या काठावर उपडं. मग ती दिसली. खुबा मोडलाय.

मी तेव्हा मैदानावर उभा राहून खात होतो.

रुग्णालयात तरुण डॉक्टरीण तिच्या डोळ्यांवर उजेड धरून बघत होती. मला म्हणाली, बाहेर या. विचारलं, यांना दिसत नाही असं किती दिवस झाले. मी म्हटलं, दिसतं तिला, रोज चालत येते माझ्याकडे, भांडं घेऊन. ती म्हणाली, कडेचं गेलेलं आहे फार पूर्वी, मधलं आता गेलं, उजेड आणि सावली तेवढी कळत असेल, कोणाला बोलल्या नाहीत का. मी पुन्हा तेच म्हटलं. रोज चालत येते. तिनं हातातला दिवा विझवला. मग मला बसायला खुर्ची दिली.

१७ जून, बुधवार

कोर्कोई आली होती. तिच्या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ओदार्लेनं शपथ घातली होती. उन्हात यायची ती उजेड जास्त म्हणून. भिंतीला हात लावून यायची. भिंत जिथे संपते तिथे नाव. नावेचं टोक हाताला लागलं की डावीकडे वळायचं. मौनाच्या महिन्यात समुद्र ऐकू यायचा, तो उजव्या कानाशी ठेवायचा.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं कोणी. कोर्कोई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू तिला येऊ दिलं असतंस?"

नसतं दिलं. भाचीकडून पाठव म्हटलं असतं.

"मग," कोर्कोई म्हणाली, आणि दोघंही रडलो.

४ जुलै, शनिवार

ओदार्लेला घरी आणलं. म्हणजे बायकांच्या घरी. चालणं संपलं असं डॉक्टर सांगतात. चटईवर, आंब्याच्या झाडाखाली तिची जागा केलीय.

मी आज भांडं घेऊन गेलो. केंके विकतचं, भेंडीचं कालवण माझं. पुरुष डोक्यावर भांडं घेऊन निघाला म्हणून गल्ली हसली, त्यांना हसू दे. बायकांच्या घरातल्या पोरी तोंडाला पदर लावून बघत होत्या. कोर्कोईनं स्वतः स्टूल आणून दिलं.

कालवण खारट झालं होतं आणि भेंडी करपली होती. ओदार्लेनं सगळं खाल्लं. बोट फिरवून भांडं पुसून घेतलं. मला तिकडे बघवेना.

तिला म्हटलं, नाव परत जागेवर आणून ठेवतो. ती म्हणाली, बरं.

५ जुलै, रविवार

कोर्कोईकडे विचारलं. एक फळीसुद्धा उरलेली नाही. कधीच जळून गेली.

संध्याकाळी ओदार्लेनं विचारलं, "वळणावर नाव लागली का हाताला?" मी म्हटलं, लागली. कशी जीभ वळली कोण जाणे. ती म्हणाली, बरं.

२१ जुलै, मंगळवार

रोज विचारते. रोज सांगतो. आता तर मी सजवूनही सांगतो. टोकाला एक शेळी बांधली होती, पोरं आत बसून वल्ही मारत होती. कंडक्टरचं तोंड, एकदा सुटलं की थांबत नाही. पण घरी येऊन पडलो की मीच बांधलेली ती शेळी डोळ्यांपुढून हलत नाही.

फेऱ्या बंद केल्यात मी. क्पाक्पोला म्हटलं, दुसरा बघ.

आज तो चुन्याच्या बादल्या घेऊन आला. सणाच्या आधी भिंती नव्या करायच्या. ती रेषा अजून तशीच आहे, बायकांच्या घराच्या कोपऱ्यापासून वळणापर्यंत. मी तिच्यापुढे उभा राहिलो. क्पाक्पो म्हणाला, सरक. मी म्हटलं, माझ्या अंगावर चुना मार, पण हिच्यावर नाही. तो बादली उचलून समोरच्या भिंतीकडे गेला. त्यानं काही विचारलं नाही. बालमित्र आहे शेवटी.

त्यानंतर मी डोळे मिटून, त्या रेषेवर बोटं ठेवून चाललो. बायकांच्या घरापासून वळणापर्यंत. इतकी वर्षं इथे राहतो, लोकांना दाखवत फिरतो, आणि त्या भिंतीत कुठे खिळा आहे, कुठे मागच्या चुलीची ऊब येते, कुठे दगड जाऊन माती लागते हे मला माहीत नव्हतं. भिंत संपली तेव्हा हात नुसताच पुढे गेला. मी घाबरून डोळे उघडले. गटार एका पावलावर होतं.

९ ऑगस्ट, रविवार

काल होमोवो, आमचा वर्षाचा मोठा सण, झाला. मक्याचं सणाचं अन्न सगळ्यांनी एका भांड्यातून खाल्लं. ओदार्लेच्या हाताला धरून मी तिचा घास भांड्यापर्यंत नेला.

आज सकाळी, रीतीप्रमाणे, गाव आधी रडलं. वर्षभरात गेलेल्यांसाठी घराघरांतून हुंदके. मग डोळे पुसून सगळे दारोदार निघाले. आज ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याकडे जाऊन ते सरळ करायचं, नवं वर्ष चांगलं जावो म्हणायचं. मी सरळ बायकांच्या घरी गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना.

तिच्या चटईपाशी बसलो आणि म्हटलं, "ओदार्ले, नाव नाहीये तिथे. कधीच जळली. मी रोज खोटं बोलतो."

ती म्हणाली, माहीत आहे.

मी विचारलं, कोर्कोईनं सांगितलं का? ती म्हणाली, नाही. भट्टीत लाकडं मीच घालायचे ना. हातानं चाचपून, लांब वेगळी, आखूड वेगळी. एक फळी हाताला लागली आणि ओळखली. टोक होतं. रोज ज्यावर हात ठेवला ते टोक मला कळणार नाही का. बाजूला ठेवणार होते, पण मासळी अर्धी भाजलेली होती, आग विझत आली होती. म्हणून घातलं.

"ती मासळी तुम्हीच खाल्लीत," ती म्हणाली. "अर्धी."

मी तिचे पाय धरले. तिनं माझं डोकं चाचपून वर केलं.  झाडाखाली पोरी नवं वर्ष मागत एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या.

मग मी विचारलं, माहीत होतं, तर रोज मला नावेचं का विचारतेस? मला शिक्षा म्हणून?

"शिक्षा कसली," ती म्हणाली. "विचारलं म्हणजे तुम्ही वळणावर थांबता. आज हिला काय सांगू, असा विचार करत थांबता ना क्षणभर? तेवढं थांबलात तरी पुरे. तुम्ही बोलत चालता, अताआ. पायाखाली बघत नाही. तिथे गटार आहे."

मी तिच्या चटईची दुमडलेली कड सरळ केली.

परत निघालो तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता, जो तो हात मिळवत होता. मी भिंतीच्या कडेनं आलो, रेषेवर बोटं ठेवून. वळणावर थांबलो. हात पुढे केला, जिथे टोक असायचं तिथे. उद्या संध्याकाळी ती विचारेल, तिला सांगायचं, थांबलो होतो म्हणून. मग डावीकडे वळलो आणि घरी आलो.